वाघाटीच्या तीन कुप्या

वाघ-सिंह बघायला आम्ही बापलेक कधी गेलोच नाही. प्राणिसंग्रहालयाच्या दारातून आत शिरलं की सगळी गर्दी उजवीकडे वळायची, वाघाच्या खंदकाकडे, आणि सावनी माझं बोट ओढत डावीकडे. डावीकडे, बहुतेक ठिकाणी स्वच्छतागृहांच्या मागे, लहान मांजरांचे पिंजरे असत. रानमांजर, मासेमार मांजर, बिबट्या मांजर, कानांवर काळे गोंडे मिरवणारा कॅरकल. पिंजऱ्यापुढे कुणी नसे, पाटीवर धूळ असे आणि आतला प्राणी हमखास झोपलेला असे. तो उठेपर्यंत आम्ही थांबायचो. एकदा तीन तास थांबलो, तेव्हा तो उठला, कूस बदलली आणि पुन्हा झोपला. सावनी तेवढ्यावरही खूश होती.

आता ती एकोणतीस वर्षांची आहे आणि पेशीशास्त्रज्ञ आहे. मी, दिगंबर मोहोळकर, अडुसष्ट वर्षांचा, निवृत्त आणि मधुमेही. तिच्या आईला जाऊन सहा वर्षं झाली. आमचं डावीकडे वळणं मात्र सुटलं नाही. दोन हजार एकसष्ट सालच्या जानेवारीत तिने मला पुण्याबाहेरच्या नव्या संग्रहालयात मनूल बघायला नेलं.

मनूल म्हणजे मध्य आशियातल्या थंड पठारांवरची मांजर. पुस्तकात तिला पल्लासची मांजर म्हणतात, कुणा पल्लास नावाच्या शास्त्रज्ञाने तिची पहिल्यांदा नोंद केली म्हणून. मला नोंदणीवाल्यांबद्दल फारसा आदर उरलेला नाही, तेव्हा मी मनूलच म्हणतो. आत जायच्या आधी आम्हाला कपडे बदलायला लावले, कागदी अंगरखे दिले, पायांवर औषध फवारलं. घरात मांजर आहे का, हे दोनदा विचारलं. असेल तर प्रवेश नाही.

याचं कारण सावनीने मला पूर्वीच समजावलं होतं. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एकपेशीय परजीवी आहे. तो घरच्या मांजरांच्या आतड्यात वाढतो, विष्ठेतून मातीत जातो, मातीतून उंदरात आणि उंदरातून पुन्हा मांजरात. आपल्या मनीला त्याचं काही वाटत नाही, कारण दोघांची ओळख फार जुनी आहे. मनूल ज्या उंचीवर राहायची तिथल्या कोरड्या थंडीत हा परजीवी जवळजवळ नसायचाच, त्यामुळे तिच्या शरीराला त्याच्याशी लढायची सवय कधी लागली नाही. पिंजऱ्यात जन्मलेली तिची पिल्लं यानेच मरत. मग पठारं तापली, वस्त्या वर सरकल्या, वस्त्यांबरोबर मांजरं वर गेली आणि वीस-बावीस वर्षांत रानातली मनूल संपली.

काचेमागे बसलेली ही मादी एका गोठवलेल्या पेशीतून जन्मली होती. पेशीचं केंद्रक काढायचं, घरच्या मांजरीच्या पोकळ केलेल्या बीजांडात ते बसवायचं आणि गर्भ घरच्याच मांजरीच्या पोटात वाढवायचा. शंभरात एखादा जगतो. ही सावनीच्या हातून जगलेली दुसरी.

आकाराने घरच्या मांजराएवढीच, पण केसांमुळे दुप्पट दिसत होती. कान खाली, डोक्याच्या बाजूंना. डोळ्यांतल्या बाहुल्या आपल्यासारख्या गोल. तासभर रांगेत उभं राहिल्यावर खिडकी चुकली असं ज्याला सांगितलं जातं, त्या माणसाचा असतो तसा चेहरा. मला ती फार आवडली आणि मी तसं म्हणालोही. सावनीचं लक्ष नव्हतं.

“बाबा, आता वाघाटी करणार होते मी,” ती म्हणाली. “नाही होणार.”

मी मनूलची पाटी पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागलो. वाघाटी हे नाव मला नवं नव्हतं.

वाघाटी ही आपल्या डोंगरांतली मांजर, जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक. वजन किलो-दीड किलो, अंगावर गंजाच्या रंगाचे ठिपके. रानातली कधी संपली ते कुणालाच कळलं नाही, कारण ती आहे हेच फारसं कुणाला माहीत नव्हतं. शेवटची मादी गुजरातेतल्या एका संग्रहालयात होती. ती जिवंत असताना नवापूरच्या पशुवैद्य डॉक्टर इंदुमती गावित तिकडे गेल्या, तिला भूल देऊन कानाचे तीन इवले तुकडे घेतले आणि तीन कुप्यांत भरून साताऱ्याजवळच्या जीवसंचय केंद्राकडे पाठवले. त्याबद्दल त्यांना पुढे पदकही मिळालं. सावनीचं दोन वर्षांचं सगळं काम या तीन कुप्यांवर उभं होतं. बीजांडं तयार होती, मांजरी तयार होत्या. आणि केंद्राच्या प्राणी विभागात कुप्याच नव्हत्या. टाक्या शोधल्या, नोंदी शोधल्या, काही नाही.

केंद्राच्या चौकशी समितीचं मत पडलं होतं की गावितबाईंनी कुप्या पाठवल्याच नाहीत, पदक मात्र घेतलं. गुरुवारी तसा अहवाल जाणार होता आणि त्यावर सावनीचीही सही होती. बाई आता एक्याऐंशीच्या. फोनवर त्या भांडत नाहीत, रडत नाहीत, प्रत्येक वेळी एकच वाक्य म्हणतात, असं सावनी चिडून सांगत होती.

“काय म्हणतात?” मी विचारलं.

“म्हणतात, पाठवल्या गं बाई, माझ्या हाताने पाठवल्या.”

खरं बोलत होत्या. त्या कुप्या ज्याच्या हातात पडल्या तो नोंदणी अधिकारी मी होतो. सावनी मला बियाण्यांकडचाच समजायची, म्हणून तिने मला कधी विचारलं नव्हतं.

ते छत्तीस साल. डोंगर पोखरून बांधलेल्या त्या केंद्राचे दोन भाग होते. एकीकडे वनस्पती, म्हणजे बियाणं. दुसरीकडे प्राणी, म्हणजे पेशी. दोन्हीकडचं काम यंत्रंच करत. बी जगवायचं तर ते आधी महिनाभर कोरड्या हवेत सुकवतात आणि मग उणे वीस अंशांवर ठेवतात. पेशीचं याच्या अगदी उलट. तिच्यात पाणी असतं आणि ते पाणी हळूहळू गोठलं तर बर्फाचे स्फटिक तिला आतून फाडतात. म्हणून तिला विशेष द्रवात भिजवून थेट उणे एकशे शहाण्णववर नेतात. म्हणजे एकाला जे जगवतं तेच दुसऱ्याला मारतं. एवढ्या अवघड कारभारात कुप्या उतरवून घेणारा माणूस एकच होता, मी, आणि तोही यासाठी की तालुक्या-तालुक्यांतून येणाऱ्या कुप्यांवर लोक हाताने मराठीत नावं लिहीत आणि यंत्राला हस्ताक्षर धड लागत नसे. कुप्या सगळ्या एकाच मापाच्या, अपारदर्शक, एकसारख्या थंड पेट्यांतून येणाऱ्या. यंत्र नाव वाचून विभाग ठरवायचं आणि खात्री नसली की मला विचारायचं.

माझ्या मराठीचा मला भारी अभिमान. नोटीस बोर्डावरचे ऱ्हस्व-दीर्घ मी पेनने सुधारून ठेवत असे. आषाढ चालू होता. आमच्या घरी एकादशीचा उपास बारशीला सुटतो तो वाघाटीच्या भाजीने. रानवेलीची ती हिरवी फळं, कडू, आई ताकात भिजवून त्यांचा कडूपणा काढायची. ही वेलसुद्धा दुर्मीळ झाली होती, म्हणून तिचं बियाणं त्या आठवड्यात ठिकठिकाणहून येत होतं. त्या सकाळीच दोन गावांहून आलं होतं. दुपारी आणखी तीन कुप्या आल्या. त्यांच्यावर सुबक अक्षरात ‘वाघाटी’ एवढंच लिहिलेलं. सोबतचं पत्र टपालाने वेगळं येणार होतं. ते आलं तेव्हा कार्यालयातल्या कुणीतरी न वाचताच बियाण्यांच्या फायलीत लावलं.

पडद्यावर यंत्राने विचारलं: वाघाटी, प्राणी, एकाहत्तर टक्के, खात्री करा.

मी हसलो. नावात वाघ दिसला की याला प्राणी वाटतो, असं म्हणत मी ‘वनस्पती’ दाबलं. यंत्राने पुन्हा विचारलं. मी पुन्हा दाबलं.

पुढची चार वर्षं हा किस्सा मी कार्यालयात, लग्नकार्यात, शेजारीपाजारी रंगवून सांगितला. उद्या वाघ्या घेवडा आला तर याला मटण घालतील, असं मी शेवटी म्हणायचो आणि लोक पोट धरून हसायचे. कितीही यंत्रं आणा, भाषा कळायला माणूस लागतो, असा त्यातला बोध असे. मी तो बोध न चुकता सांगायचो.

चाळीस साली सावनी आठ वर्षांची होती आणि तिला मांजरांचं वेड लागलं होतं. मोठ्या सुट्टीत आम्ही गुजरातेतल्या त्या संग्रहालयात गेलो. एका कोपऱ्यात, कडुनिंबाच्या सावलीत, जाळीचा पिंजरा. पाटी तीन भाषांत होती आणि त्यातली एक मराठी. सावनीने अक्षरं लावत वाचलं, “वा-घा-टी.” मी म्हणालो, अगं ती भाजी. तिने बोट दाखवलं. आत फांदीवर एक म्हातारी मांजर बसली होती, मुठीएवढं तोंड, गंजाचे ठिपके. खाली लिहिलं होतं की ही जगातली शेवटची ज्ञात मादी असून तिच्या पेशी सातारा येथे सुरक्षित आहेत.

पाटी मी तीनदा वाचली. पेशी घेतल्याची तारीख वाचली, छत्तीस सालचा आषाढच. डाव्या कानाची कडा तीन ठिकाणी कातरलेली होती. सावनी मला विचारत होती की ती एवढी लहान का आहे, आणि मी काहीतरी उत्तर देत होतो.

परतल्यावर सांगायचं असं ठरवलं होतं. नोकरी जाईल ही भीती होतीच, पण खरं सांगायचं तर हसू होईल ही भीती त्याहून मोठी होती. चार वर्षं ज्यांच्यापुढे मी यंत्राची टर उडवली होती त्यांच्यापुढे जाऊन, यंत्राचं बरोबर होतं असं म्हणायचं होतं. आज नको, उद्या; हा आठवडा नको, पुढचा. असं करता करता सांगायची वेळ निघून गेली आणि मी सावनीला आणखी आणखी संग्रहालयांत नेऊ लागलो. सुट्टी पडली की निघालोच. तिच्या आईला वाटे, किती हौशी बाप. मला मात्र त्या पिंजऱ्यांपुढे उभं राहिल्यावर थोडं बरं वाटायचं, काहीतरी फेडल्यासारखं. त्यातूनच ती पेशीशास्त्राकडे वळली. म्हणजे ज्या कुप्या मी मारल्या त्या शोधायला मीच माझी मुलगी तयार केली.

मनूल बघून आम्ही उपाहारगृहात बसलो. दुपारचे दोन वाजले असतील. सावनी गावितबाईंबद्दल बोलत होती, आणि बोलता बोलता त्यांना ‘खोटारडी म्हातारी’ म्हणाली. एरवी ती कुणाला असं बोलत नाही. तिने दोन वर्षं झोप मोडून काम केलं होतं, तिला कुणावर तरी राग काढायचा होता, आणि तो राग एका भल्या बाईवर निघत होता. मी चहाचा कप खाली ठेवला.

“सावनी, त्या कुप्या आल्या होत्या,” मी म्हणालो. “मी घेतल्या होत्या.”

तिचा चेहरा उजळला. याची मला तयारी नव्हती. तिला वाटलं, सापडल्या. ती खुर्चीतून अर्धी उठली आणि कुठे आहेत म्हणून विचारू लागली. बियाण्यांच्या विभागात, असं मी सांगितलं, आणि मग सगळं सांगितलं. यंत्राचा प्रश्न, बारशीची भाजी, मी दोनदा दाबलेलं बटण. ती खाली बसली. तरी तिने आशा सोडली नाही. सुकवण्याआधीच कुणी हे पकडलं असेल, एखादी कुपी बाजूला ठेवली असेल, असं पुटपुटत तिने तिथल्या तिथे केंद्राला फोन लावला आणि बियाण्यांच्या विभागातल्या यंत्राला छत्तीस सालची नोंद वाचायला सांगितली. फोन मधे टेबलावर ठेवला होता.

यंत्राने शांत, शुद्ध मराठीत वाचलं. वाघाटी, तीन कुप्या. सुकवण, तीस दिवस. पाच वर्षांनी उगवण चाचणी, एक कुपी, ओल्या कागदावर एकवीस दिवस. उगवण शून्य टक्के. दहा वर्षांनी दुसरी कुपी. उगवण शून्य टक्के. पंधरा वर्षांनी तिसरी. उगवण शून्य टक्के. नमुना संपला, नोंद बंद.

शेवटच्या वाघाटीचा कान ओल्या कागदावर मांडून ते यंत्र तीन वेळा एकवीस-एकवीस दिवस कोंब फुटायची वाट बघत बसलं होतं. सावनी माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसली. खरंच हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मलाही हसू आलं. एकवीस वर्षं ज्याला घाबरलो ते एवढंच होतं की काय, असं मला त्या मिनिटभर वाटलं.

“जाऊ दे, बाबा,” ती डोळे पुसत म्हणाली. “चूक कुणाचीही होते. यंत्रालासुद्धा एकाहत्तर टक्केच खात्री होती. आणि तू काही मुद्दाम नाही केलंस.” तिने माझ्या हातावर हात ठेवला. मग सहज विचारावं तसं विचारलं, “तुला हे कळलं कधी?”

इथे मला खोटं बोलता आलं असतं. आत्ता, तू सांगितल्यावर, एवढंच म्हणायचं होतं. पण एका दिवसात दोन खरी वाक्यं बोलण्याइतपत धीर आला होता.

“तू आठ वर्षांची होतीस तेव्हा. त्या पिंजऱ्यापुढे.”

तिने हात काढला नाही. ती मोजत होती. तिच्या कपाळावर लहानपणी बेरीज करताना पडायची तशी आठी पडली.

“तेव्हा ती जिवंत होती,” ती म्हणाली.

“हो.”

“आपल्यासमोर बसली होती. आणखी दोन वर्षं जगली. पुन्हा कानाचा तुकडा घ्यायचा, बस. तिला परत भूल दिली नाही, का माहितेय? साताऱ्याला सुरक्षित आहे म्हणून. मेली तेव्हा त्याच दिवशी जाळली, तेही त्याचसाठी. मेल्यावरसुद्धा दोन दिवस पेशी जिवंत मिळतात, बाबा. पेपरात आलं होतं ती मेल्याचं. तू वाचलं होतंस?”

वाचलं होतं. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचलं होतं, आणि मग फोन हातात घेऊन गॅलरीत गेलो होतो आणि झाडांना पाणी घालून परत आलो होतो. हेसुद्धा मी तिला सांगितलं.

सावनीने हात काढून घेतला. ओरडली नाही, रडली नाही. कप उचलून कचऱ्यात टाकले, माझा अंगरखा परत करायचा राहिला होता तो नेऊन दिला, आणि मला गाडीने घरी सोडलं. वाटेत तिने एकदाच विचारलं, एसी कमी करू का. मी नको म्हणालो.

गुरुवारी समितीपुढे माझा लेखी जबाब गेला. तो मी स्वच्छ अक्षरात लिहिला. निवृत्त माणसाला कोण काय करणार. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, जुन्या सहकाऱ्यांपैकी दोघांनी फोन केले आणि हसू दाबत बोलले. मी त्यांना हसू दिलं. डॉक्टर गावितांना मात्र मी स्वतः फोन केला आणि माफी मागितली. त्यांनी आधी माझं नाव पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, “बरं केलंत सांगितलंत. मलाच वाटायला लागलं होतं की मी पाठवल्या नाहीत, नुसतं मनात पाठवल्या.” एवढं बोलून त्यांनी माझ्या घरच्यांची चौकशी केली. मुलगी काय करते, असं विचारलं. मी म्हणालो, शास्त्रज्ञ आहे.

सावनीचं वाघाटीचं काम बंद झालं. बीजांडं टाकून दिली, मांजरी ज्यांच्या होत्या त्यांना परत केल्या. ती आता कुठल्याशा कोंबड्यांच्या रोगावर काम करते. काम चांगलं आहे म्हणे. मी एकदा विचारलं की मनूलला पिल्लं झाली आहेत, बघायला जायचं का. तिने सांगितलं की वेळ नाही.

माझ्यावर तिने राग धरला आहे असं कुणी म्हणणार नाही. दर रविवारी अकराच्या सुमाराला तिचा फोन येतो, एकही रविवार चुकत नाही. औषधांची आठवण करते, डॉक्टरची तारीख विचारते, किराणा संपला असेल तर मागवून देते. नात्यात किंवा तिच्या मित्रमंडळींत कुणी आपल्या बापाची एवढी काळजी घेत नसेल.

जन्मापासून तिने मला अरे-तुरे केलं. आईला तू, मला तू; तिच्या आजीला ते खपायचं नाही आणि मला त्याचा मोठा आनंद व्हायचा. परवाच्या रविवारी तिने विचारलं, “साखर किती आली तुमची?” पहिल्यांदा वाटलं, चुकून बोलली असेल. मी आकडा सांगितला. ती म्हणाली, “बरं. गोळ्या वेळेवर घ्या तुम्ही,” आणि फोन ठेवला.